‘कपल’ म्हणजे नक्की किती? हा शब्द इंग्रजीत कसा वापरावा

मराठी बोलताना ‘कपल’ हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो: जोडपं. ‘छान कपल आहे’ म्हटलं की नवराबायको किंवा प्रेमात पडलेले दोघं, यापलीकडे काही डोळ्यांसमोर येत नाही. इंग्रजीत मात्र हाच शब्द मिनिटांना, दिवसांना, किलोमीटरला, प्रश्नांना, कशालाही लागतो. तिथे तो मोजणीचा शब्द असतो, आणि तोही सैलसर मोजणीचा. ‘कपल म्हणजे दोन’ एवढंच पाठ केलेल्याचा इथे गोंधळ होतो. कुणी ‘अ कपल ऑफ डेज’मध्ये काम करून देतो म्हणाला, की हा तिसऱ्या दिवशी सकाळीच विचारणा करतो आणि समोरच्याने शब्द पाळला नाही असं मनात धरतो. खरं तर समोरच्याने ‘दोन’ असं म्हटलेलंच नसतं.

हा घोळ टाळणं अवघड नाही. पुढच्या क्रमाने गेलात तर शब्द कायमचा बसेल.

पायरी १: उच्चार आणि मूळ

उच्चार ‘कप्‌ल’. जोर ‘क’वर, शेवटचा ‘ल’ अगदी हलका. स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आणि ‘यू’ शेजारी असल्याने नवशिका ‘कूपल’ किंवा ‘काउपल’ म्हणतो. ‘डबल’ आणि ‘ट्रबल’ या शब्दांत हीच दोन अक्षरं आहेत आणि तिथे आपण बरोबर उच्चार करतो; तोच इथे करायचा. भरभर बोलताना ‘कपल ऑफ’चं ‘कपला’ होतं. ऐकताना हे माहीत हवं, नाहीतर कुठला तरी नवाच शब्द आला असं वाटतं.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘कोपुला’, म्हणजे बंध किंवा दुवा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. म्हणजे मुळात हा ‘दोन’ या आकड्याचा शब्द नाही, दोन गोष्टी बांधल्या जाण्याचा आहे. सगळे अर्थ याच मुळापासून फुटले, आणि मोजणीच्या अर्थात तो बंध हळूहळू इतका सैल झाला की ‘दोन’वरची पकडही ढिली पडली.

पायरी २: पुढे ‘ऑफ’ आहे का ते पाहा

अर्थ ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. ‘कपल’च्या पुढे ‘ऑफ’ आणि अनेकवचनी नाम असेल, तर जवळजवळ नेहमी मोजणी चालली आहे. ‘कपल’ एकटाच असेल, किंवा त्याच्याआधी ‘मॅरिड’, ‘यंग’, ‘एल्डर्ली’ असं विशेषण असेल, तर माणसांची जोडी.

‘अ कपल ऑफ फ्रेंड्स केम टु सी मी’ म्हणजे दोनेक मित्र भेटायला आले. त्या मित्रांचं आपसात काही नातं आहे असा अर्थ त्यात नाही. ‘माय टू फ्रेंड्स आर अ कपल’ म्हणजे मात्र ते दोघं एकमेकांचे जोडीदार आहेत. दोन वाक्यांत ‘फ्रेंड्स’ तेच आहेत, फरक सगळा ‘ऑफ’ने केला.

अनेकवचन ‘कपल्स’ झालं की अर्थ बहुधा जोडप्यांचाच. ‘टू कपल्स’ म्हणजे दोन जोडपी, एकूण ४ माणसं.

पायरी ३: मनात ‘दोनेक’ म्हणा

या शब्दाची खरी गंमत आणि खरी अडचण इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इंग्रजी शब्दकोश ‘अ कपल ऑफ’चे दोन अर्थ देतात: दोन, आणि थोडेसे. दोन्ही बरोबर. काही काटेकोर इंग्रजी भाषक ‘कपल म्हणजे दोनच’ असा आग्रह धरतात, पण रोजच्या बोलण्यात तो टिकत नाही. सुदैवाने मराठीत याला तंतोतंत जुळणारी सोय आहे. आपण ‘दोनेक दिवस लागतील’ म्हणतो तेव्हा आकडा दोनच्या आसपास असतो. तीन झाले तरी कुणी तक्रार करत नाही, आठ झाले तर करतो. ‘अ कपल ऑफ’चा पल्ला नेमका एवढाच. म्हणून इंग्रजी वाक्य ऐकताना मनात ‘दोन’ किंवा ‘जोडपं’ आणू नका, ‘दोनेक’ आणा. माझ्या मते ही एक सवय लागली तरी अर्धं काम झालं.

तरीही कधी नेमके दोन आणि कधी दोन-तीन, हे प्रसंगावरून बरंचसं ओळखता येतं. समोर दिसणाऱ्या, मोजून घेता येणाऱ्या वस्तू असतील तर बहुतेक वेळा दोनच: ‘आय बॉट अ कपल ऑफ टिकिट्स’ म्हणजे दोन तिकिटं काढली. वेळ, अंतर किंवा किती वेळा घडलं याबद्दल बोलणं असेल तर अर्थ सैल होतो. ‘वेट अ कपल ऑफ मिनिट्स’ म्हणणारा घड्याळ लावून बसलेला नसतो. ‘आय हॅव मेट हर अ कपल ऑफ टाइम्स’ म्हणजे तिला दोनेकदा भेटलोय, कदाचित तीनदा.

याच्या पुढचा शब्द ‘अ फ्यू’, साधारण तीन किंवा त्याहून थोडे जास्त, आणि त्याच्याही पुढे ‘सेव्हरल’. चारपाच गोष्टींसाठी ‘कपल’ वापरू नका. ऐकणाऱ्याची फसगत होते.

आकडा महत्त्वाचा असेल तिथे हा शब्द मुळीच वापरू नये. औषधाच्या गोळ्या, कराराची मुदत, यंत्राची मापं, परीक्षेची वेळ, पैशांची रक्कम इथे सरळ ‘टू’ लिहा. समोरच्याने अशा ठिकाणी ‘अ कपल ऑफ’ म्हटलं, तर ‘टू एग्झॅक्टली?’ असं विचारायला संकोच करू नका. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही हा प्रश्न एकमेकांना विचारतात.

काळाबद्दल बोलताना तीन-चार साचे सतत येतात. ‘इन अ कपल ऑफ डेज’ म्हणजे दोनेक दिवसांनी. ‘अ कपल ऑफ डेज अगो’ म्हणजे दोनेक दिवसांपूर्वी. ‘एव्हरी कपल ऑफ अवर्स’ म्हणजे दर दोनेक तासांनी. ‘द लास्ट कपल ऑफ वीक्स’ म्हणजे गेले दोनेक आठवडे. इथे ‘अ’ची जागा ‘द’ घेतो, दोन्ही एकदम येत नाहीत.

पायरी ४: वाक्य बांधा

साचा असा: ‘अ’, मग ‘कपल’, मग ‘ऑफ’, मग अनेकवचनी नाम, आणि क्रियापदही अनेकवचनी. ‘अ कपल ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग.’ ‘कपल’ एकवचनी दिसतो म्हणून ‘इज’ लावायचा मोह होतो, तो आवरा. कालावधी किंवा अंतर एकच रक्कम म्हणून मोजत असाल तर मात्र एकवचन चालतं: ‘अ कपल ऑफ किलोमीटर्स इज नॉट फार.’

मराठी माणसाची हमखास चूक म्हणजे ‘अ कपल ऑफ डे’, ‘अ कपल ऑफ फ्रेंड’. त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. ‘दिवस’, ‘मित्र’, ‘प्रश्न’ अशी कितीतरी पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलतच नाहीत: एक दिवस, दोन दिवस. त्या सवयीने इंग्रजीतला शेवटचा ‘एस’ गळतो. लिहून झाल्यावर फक्त तेवढ्यासाठी एकदा नजर टाकावी.

न मोजता येणाऱ्या नामांना हा साचा लागत नाही. ‘अ कपल ऑफ वॉटर’ किंवा ‘अ कपल ऑफ अ‍ॅडव्हाइस’ चुकीचं. मध्ये माप किंवा तुकडा आणावा लागतो: ‘अ कपल ऑफ ग्लासेस ऑफ वॉटर’, ‘अ कपल ऑफ पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

राहिला ‘ऑफ’ गाळायचा प्रश्न. अमेरिकन बोलण्यात ‘अ कपल डेज’ सर्रास ऐकू येतं. ब्रिटिश इंग्रजीत ते खटकतं, आणि औपचारिक लेखनात कुठेच शोभत नाही. शिकणाऱ्याने ‘ऑफ’ ठेवावा. ठेवल्याने कधीच चुकत नाही. अपवाद एकच: पुढे ‘मोअर’ आला की ‘ऑफ’ लागत नाही. ‘अ कपल मोअर क्वेश्चन्स’ म्हणजे आणखी दोनेक प्रश्न. उलट पुढे ‘देम’, ‘माय’, ‘द’ असेल तर ‘ऑफ’ गाळताच येत नाही: ‘अ कपल ऑफ देम’, ‘अ कपल ऑफ माय बुक्स’.

पायरी ५: जोडप्याबद्दल लिहिताना वचन सांभाळा

‘द कपल’ला एकवचनी क्रियापद की अनेकवचनी? दोन्ही चालतात. ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचन जास्त रुळलेलं आहे. अमेरिकन इंग्रजीत दोन्ही दिसतात. खटकते ती सरमिसळ: ‘द कपल इज सेलिंग देअर हाउस’ यात आधी एकवचन आणि लगेच ‘देअर’. मी अनेकवचनच सुचवेन, कारण वाक्य पुढे गेलं की ‘दे’ आणि ‘देअर’ येणारच. ‘द कपल आर सेलिंग देअर हाउस’ शेवटपर्यंत सरळ राहतं.

पायरी ६: ‘पेअर’ आणि ‘बोथ’पासून वेगळं करा

‘पेअर’चं मूळ लॅटिनमधल्या ‘समान’ या अर्थाच्या शब्दात आहे, त्यामुळे तिथे जुळणं महत्त्वाचं. बूट, मोजे, हातमोजे यांची ‘पेअर’ असते. ‘अ कपल ऑफ शूज’ म्हटलं तर कुठलेही दोन बूट, दोन्ही डाव्या पायाचे असले तरी. कात्री, चष्मा आणि पँट या एकेकच वस्तू, पण त्यांचे दोन भाग जुळलेले असतात, म्हणून ‘अ पेअर ऑफ सिझर्स’ म्हणजे एकच कात्री. दोनेक कात्र्या हव्या असतील तर ‘अ कपल ऑफ पेअर्स ऑफ सिझर्स’. लांबलचक वाटतं, पण बरोबर तेच आहे.

‘बोथ’ कधी वापरायचा? ज्या दोघांबद्दल बोलतोय ते आधीच ठरलेले असतील तेव्हा. ‘अ कपल ऑफ माय कझिन्स’ म्हणजे अनेक भावंडांतली दोनेक. ‘बोथ माय कझिन्स’ म्हणजे आहेतच दोन, आणि ती दोन्ही. नकारात मात्र जपा. ‘दोघंही आले नाहीत’ या आपल्या वाक्यावरून ‘बोथ ऑफ देम डिड नॉट कम’ सहज तोंडात येतं, पण त्यातून एक आला असावा असाही अर्थ निघू शकतो. इंग्रजीत स्वच्छ वाक्य आहे ‘नायदर ऑफ देम केम’.

पायरी ७: क्रियापद आणि विज्ञानातला ‘कपल’

क्रियापद म्हणून ‘कपल’ म्हणजे जोडणे, आणि इथे शब्दाचं जुनं मूळ पुन्हा स्पष्ट दिसतं. रेल्वेचे डबे एकमेकांना जोडणारं ‘कपलिंग’ त्यातलंच. भौतिकशास्त्रात ‘कपल’ म्हणजे बलयुग्म: समान परिमाणाची, विरुद्ध दिशांची, समांतर पण एका रेषेत नसलेली दोन बलं. ती वस्तूला पुढे ढकलत नाहीत, फक्त फिरवतात. दोन हातांनी स्टिअरिंग फिरवताना हेच घडतं. एक बल आणि दोन बलांमधलं लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे त्याचं आघूर्ण, म्हणजेच फिरवण्याच्या परिणामाचं माप. १० न्यूटनची दोन बलं ०.४ मीटर अंतरावर असतील तर ते ४ न्यूटन-मीटर भरतं. ‘थर्मोकपल’ या तापमान मोजायच्या साधनात दोन वेगळे धातू जोडलेले असतात, आणि त्यांच्या टोकांच्या तापमानातल्या फरकामुळे विद्युतदाब तयार होतो, हा परिणाम थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये शोधला. या सगळ्या ठिकाणी अर्थ काटेकोर ‘दोन’ आहे, ‘दोनेक’ नाही.

रोजच्या लेखनात उपयोगी पडेल ते ‘कपल्ड विथ’, म्हणजे ‘त्याच्या जोडीला’. ‘द हीट, कपल्ड विथ द डस्ट, मेक्स ब्रीदिंग डिफिकल्ट.’ उष्मा आणि धूळ मिळून दोन गोष्टी झाल्या तरी क्रियापद पहिल्या नामाप्रमाणेच चालतं, म्हणून ‘मेक्स’. तिथे ‘अँड’ वापरलात, तरच ‘मेक’ करा.