रूट केलेल्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप

मालवणच्या बाजारात बांगड्यांचा वाटा पिशवीत पडला आणि माझ्या रूट केलेल्या (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतलेल्या) जुन्या फोनवर बँकेचं ॲप उघडेचना. रूट दिसला की अशी बरीच ॲप्स चालायला नकार देतात. मासे उधारीवर आणले.

फोन मॅजिस्क या साधनाने रूट केला असेल, तर आधी त्याची आवृत्ती बघा. २३ पर्यंत रूट लपवणारं 'मॅजिस्क हाइड' होतं. २०२२ मध्ये आलेल्या २४ पासून ते गेलं. आता मॅजिस्कच्या सेटिंग्जमध्ये 'झायगिस्क' (ॲप सुरू होतानाच मॅजिस्कला त्यात काम करू देणारी सोय) आणि 'एन्फोर्स डिनायलिस्ट' (ज्यांच्यापासून रूट लपवायचा त्या ॲप्सची यादी लागू करणं) चालू करा, मग 'कॉन्फिगर डिनायलिस्ट'मध्ये बँकेचं ॲप निवडा. नुसती चौकटीत खूण करून थांबू नका. नावावर बोट ठेवलं की खाली त्याच्या प्रोसेस, म्हणजे ॲपचे आत चालणारे भाग, उघडतात, त्या सगळ्या निवडा. काही ॲप्स फोनात मॅजिस्कचंच ॲप शोधतात, म्हणून 'हाइड द मॅजिस्क ॲप'ने त्याचं नाव बदला. फोनच्या डेव्हलपर सेटिंग्जमधलं यूएसबी डीबगिंगही बंद ठेवा.

शेवटी बँकेच्या ॲपचा डेटा पुसून फोन रीस्टार्ट करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. डेटा पुसला की सिमची पडताळणी पुन्हा होते, एसएमएस जावा लागतो; तेव्हा खाडीकाठच्या रेंज नसलेल्या माडाखाली बसून हा उद्योग नको.

बूटलोडर (फोन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) अनलॉक असल्याचं मात्र डिनायलिस्टने लपत नाही. तेच तपासणारं कडक ॲप असेल, तर त्यासाठी रूट न केलेला दुसरा फोन बरा.