नायटा बरा होत नाही? उपचारातील या चुका टाळा

धान रोवणीच्या चिखलात दिवसभर उभे राहणाऱ्या किंवा दमट उन्हात कपाशीचे निंदण करणाऱ्या माणसाच्या जांघेत, काखेत आणि कमरेवर करदोड्याच्या रेषेत खाजरे, गोल चट्टे उठणे विदर्भात नवे नाही. कडा उठावदार व लालसर आणि मधला भाग त्यामानाने निवळलेला, असा चट्टा बहुधा नायट्याचा, म्हणजेच गजकर्णाचा असतो. बुरशीमुळे होणारा हा आजार बरा होण्याजोगा असूनही अनेक घरांत तो वर्षभर रेंगाळतो, आणि त्याचे कारण बरेचदा औषध न घेणे हे नसून चुकीचे औषध घेणे हे असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन नुसती ‘खाजेची ट्यूब’ मागणे. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. स्टेरॉइड त्वचेचा दाह दाबते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. परंतु त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबल्यामुळे बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो, आणि रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही महिन्यांनी कडा इतक्या पुसट होतात की डॉक्टरांनाही नायटा ओळखणे अवघड जाते. जांघेतील त्वचा पातळ होऊन तिच्यावर जे ताणाचे वळ उमटतात, ते पूर्णपणे जात नाहीत. म्हणून वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव आहे का, हे आधी वाचावे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. नियम झाला, पण दुकानात मागणी करणारे आपणच असतो, हेही विसरू नये.

स्टेरॉइड सरसकट वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. धुऱ्यावरील गाजरगवताच्या ॲलर्जीने पापण्या, मान आणि कोपराचा खळगा लाल होऊन खाजतो, तेव्हा डॉक्टर स्टेरॉइडच देतात आणि ते योग्यच असते. शेजाऱ्याला गुण आलेली ट्यूब आपल्याला घातक का ठरू शकते, ते यावरून कळावे.

दुसरी चूक घाईची आहे. खाज थांबणे म्हणजे बुरशी मरणे नव्हे. साधे बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस सुरू ठेवावे. चट्टे पसरलेले असल्यास गोळ्या लागतात; त्या मनाने सुरू करू नयेत, विशेषतः यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर, आणि अर्ध्यावर सोडूही नयेत.

एकट्यानेच उपचार घेणेही व्यर्थ जाते, कारण एकच टॉवेल आणि एकच गोधडी वापरणाऱ्या घरात बुरशी फिरून परत येते. ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवावेत आणि ओला करदोडा अंगावर ठेवू नये. गोठ्यातील वासराच्या तोंडावर राखाडी खपल्यांचे गोल डाग असतील, तर त्यालाही पशुवैद्यकाकडे दाखवावे. ती बुरशी माणसाला लागते.

लिंबू, चुना, रॉकेल किंवा बॅटरीतले पाणी लावणे तर सोडूनच द्यावे. त्याने त्वचा भाजते आणि जखमेत पू होतो.

प्रत्येक खाज नायट्याची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत असलेली आणि घरातील अनेकांना एकदम सुटलेली खाज खरुजेची असू शकते, आणि तिचे औषध वेगळे असते. याउलट, न खाजणारा, फिकट किंवा लालसर आणि स्पर्श न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. गडचिरोली-चंद्रपूर भागात तर ही शंका आधी घ्यावी. त्याची तपासणी आणि औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्धवट संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्याव्यात. चट्ट्याची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही, हे बहुतेक वेळा समजते. मात्र तपासणीपूर्वी मलम किती दिवस बंद ठेवायचे, ते डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.