खारट-अल्कधर्मी सूक्ष्मजीवांवर काम सुरू करताय? बाटलीवरच्या पीएचवर विश्वास ठेवू नका

हॅलोफाइल (भरपूर मिठात वाढणारे) कोण, अल्कलीफाइल (अल्कधर्मी, म्हणजे चढ्या पीएचच्या पाण्यात वाढणारे) कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. केनियातलं मगाडी, इजिप्तमधलं वाडी नत्रून, कॅलिफोर्नियातलं मोनो आणि लोणार ही सरोवरंही वाचून माहीत असतील. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि त्यामागे मीठप्रेमी आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) निघाले, तेव्हा मी नेमकं काय करते ते माझ्या नातेवाइकांना पहिल्यांदा कळलं. असो.

हे काम निम्मं मीडिया (जीव वाढवायचं पोषक मिश्रण) बनवण्याचं आहे. जीव नंतर. हे कुणी आधी सांगत नाही.

आमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांकडून चालत आलेली एक कृती होती: नेहमीचा मीडिया, त्यात भरपूर मीठ, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत पीएच १० करा, ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा), प्लेटा ओता. प्लेटांवर छान कॉलन्या (जिवांचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) यायच्या. सगळे खूश. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या कॉलन्यांवर उभं होतं आणि ते पुढे कोसळलं, कारण त्यातले बहुतेक जीव अल्कलीफाइल नव्हतेच. पीएच १० फक्त बाटलीवरच्या चिठ्ठीवर होता.

का, ते सविस्तर सांगते. पीएच १० म्हणजे हायड्रॉक्साइड किती? लिटरला ०.१ मिलिमोल. बस्स, एवढंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला, पेशींनी श्वसन करून आणखी सोडला, की एवढासा साठा बघता बघता संपतो. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन या मीडियातल्या पोषक द्रव्यांमधले अमिनो गट थोडा आधार देतात, पण पुरेसा नाही. शेकरवर फिरणाऱ्या फ्लास्कमध्ये हवा सतत मिसळते, तिथे घसरण आणखी लवकर. कॉलनी डोळ्यांना दिसेपर्यंत मीडिया नऊच्या खाली आलेला असू शकतो. तुम्ही निवडलेला जीव हा 'पीएच उतरेपर्यंत तग धरून बसलेला' जीव असतो. त्याला अल्कधर्मी पाणी सोसतं, आवडत नाही.

सरोवरात हे होत नाही, कारण तिथला पीएच कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रचंड साठ्याने धरून ठेवलेला असतो. म्हणून मीडियातही कार्बोनेटच हवं. त्या जोडीचा पीके (ज्या पीएचच्या आसपास ती पीएच सर्वांत चांगला धरून ठेवते तो आकडा) साध्या पाण्यात २५ अंशांना सुमारे १०.३ असतो आणि मीठ वाढवलं की आणखी खाली सरकतो, म्हणजे आपल्याला हव्या त्याच पट्ट्यात येतो. लिटरला २०० ग्रॅम मीठ आणि अठरा-एकोणीस ग्रॅम सोडियम कार्बोनेट, या धाटणीच्या कृती अशा आर्कियांसाठी पूर्वीपासून वापरात आहेत.

मात्र कार्बोनेट बाकीच्या मिश्रणात टाकून एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका. कॅल्शियम-मॅग्नेशियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं, साखर तपकिरी होते, अगार (मीडिया घट्ट करणारा पदार्थ) पातळ पडतो. कार्बोनेट वेगळं, अगार वेगळा, दोन्ही गरम असतानाच मिसळायचे. बायकार्बोनेट ऑटोक्लेव्हमध्ये घातलंत तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर चढतो, म्हणून ते गाळून निर्जंतुक करा. नायट्रोजनसाठी अमोनियम क्लोराइड घालत असाल तर पीएच १० ला त्यातला बहुतांश भाग अमोनिया वायू झालेला असतो. तो उडून जातो, आणि उरतो तो पेशींना मारक.

आणखी एक पेच. एक मोल सोडियम कार्बोनेट म्हणजे दोन मोल सोडियम. पीएच बदलायला कार्बोनेट कमीजास्त केलंत आणि मीठ तेवढंच ठेवलंत, तर एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग वाढ थांबली ती पीएचमुळे की सोडियममुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकूण सोडियम स्थिर ठेवून मिठाचं प्रमाण जुळवा.

आणि मीटर! सोडियम भरपूर आणि पीएच चढा असला की साधा काचेचा इलेक्ट्रोड खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. ७ आणि १० च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी) कॅलिब्रेट करा, जीव ज्या तापमानाला वाढवताय त्याच तापमानाला मोजा, आणि वाढ संपल्यावर पुन्हा मोजा. हा शेवटचा आकडा वहीत नसेल तर सुरुवातीचा कुणाला दाखवू नका.

घाबरलात? घाबरू नका. एकदा मीडिया बसला की हे जीव फार प्रामाणिक आहेत. तीस टक्क्यांच्या आसपास मिठात भटके जंतू सहसा वाढतच नाहीत. फक्त वाट बघावी लागते. प्लेटा पिशवीत घट्ट बांधून ठेवा, नाहीतर मिठाचे स्फटिक उगवतील आणि तुम्ही त्यांनाच कॉलन्या समजून उचलत बसाल.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडवट आहे, पण सांगते. ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत स्वतः प्लेट स्ट्रीक केलेली (प्लेटवर रेघा ओढून जीव पसरवलेले) नाहीत, त्यांचं 'हा प्रोटोकॉल चालतो' हे वाक्य पुरावा म्हणून धरू नका. प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ गाठा. आणि 'वाढवायची कटकट कशाला, थेट मेटाजीनोम करू' (म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या जिवांचा डीएनए एकत्रच वाचू) म्हणणाऱ्यांपासून निदान पहिलं वर्ष लांब राहा. अनुक्रमांची यादी मिळेल, जीव कळणार नाही.

मीडियाची हेळसांड मोठ्यांनाही भोवते. मोनो सरोवरातल्या जीएफएजे-१ या जिवाणूवरचा लेख २०१० मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आला: फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून वाढतो, डीएनएतसुद्धा! २०१२ मध्ये इतरांनी तपासलं तेव्हा त्याला फॉस्फेट लागतंच, आणि डीएनएत आर्सेनिक नाही, असं दिसलं. मूळ मीडियातल्या क्षारांबरोबर आलेलं किंचित फॉस्फेट त्याला पुरत होतं. २०२५ मध्ये 'सायन्स'ने तो लेख मागे घेतला. रसायनांच्या बाटलीवरची अशुद्धींची यादी वाचायची सवय मला या प्रकरणाने लावली.

बाकी किरकोळ. नमुना विरळ करायला साधं सलाइन वापरू नका, बहुतेक हॅलोआर्किया (मीठप्रेमी आर्किया) त्यात फुटतात. मीडियाइतक्याच मिठाचं पाणी घ्या. नेहमीचं ग्राम रंजनही (रंग देऊन जिवाणूंचे गट ओळखायची पद्धत) म्हणूनच फसतं, स्लाइड आधी अॅसेटिक आम्लाने स्थिर करा. काही पेप्टोनमध्ये पित्ताम्लं असतात आणि ती या पेशी फोडतात, तेव्हा काहीच उगवत नसेल तर पेप्टोन बदलून पाहा. गुलाबी दिसलं की आर्किया असंही नाही: २००२ मध्ये नोंदवलेला सॅलिनिबॅक्टर रुबर हा चक्क जिवाणू आहे. दोन्ही गटांचे प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावा. हॅलोआर्क्युला या आर्कियाच्या काही जातींत एकाच पेशीत १६एस या जीव ओळखायला वाचतात त्या जनुकाच्या वेगवेगळ्या प्रती असतात, त्यामुळे अनुक्रमात दुहेरी शिखरं दिसली म्हणून कल्चर अशुद्ध ठरवून फेकू नका. आधी पुन्हा एकल कॉलनी काढा, आणि तरीही तेच दिसलं तर जनुक क्लोन करून प्रती वेगळ्या वाचा.