म्हैसमाळला गाडी घेऊन जाताय? हवा घरूनच चेक करा
मे महिन्यात लेकरं-म्हातारे घेऊन जालन्याहून म्हैसमाळला मुक्कामी जायचं असेल तर पहाटे ५ लाच निघा, अन् टायरची हवा निघायच्या आधी टायर गार असतानाच बघा, आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, फुल लोडचा वेगळा. रस्त्यात तापल्या टायरची हवा जास्त दिसती म्हणून काढून टाकू नका, आम्ही तेच शहाणपण केलं अन् सकाळी बघतो तर टायर बसलेलं. खुलताबादच्या पुढं चढ लागला की लहान गियर, टेम्परेचरचा काटा वर सरकला तर एसी बंद करून थांबा, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. तोवर सावलीत धपाटे-दही काढा, दही तसंही आंबट व्हायलाच लागलेलं असतं. उतरताना न्यूट्रल अजिबात नको.