पियानोवर बसून गायचंय? मग कॅबरेसाठी एवढं करा

कॅबरे म्हटलं की अजूनही कित्येकांना नाचच आठवतो, पण मी बोलतोय ते छोट्या खोलीतल्या कॅबरेबद्दल, पन्नास-साठ लोक, हातात ग्लास, आणि एकच माणूस पियानो वाजवत गातोय. यातलं मोठं नाव म्हणजे बॉबी शॉर्ट. न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये १९६८ साली दुसऱ्या पियानिस्टच्या सुट्टीपुरता दोन आठवडे आला आणि २००४ पर्यंत तिथेच गात राहिला, त्यामुळे बदली म्हणून बोलावलं तरी नाही म्हणू नका.

आधी पट्टी ठरवा. छापील नोटेशनमध्ये जी आहे तीच धरायला हवी असं काही नाही. पियानो बंद ठेवून नुसतं गाऊन बघा, सगळ्यात वरचा सूर न ओरडता जिथे लागतो ती तुमची पट्टी, मग बोटांना कितीही अवघड जाऊ दे. बरेच जण सोपं म्हणून सी मेजर धरतात आणि रात्रभर गळा ताणत बसतात.

दुसरं, आणि हे खरं महत्त्वाचं, उजव्या हाताने गाण्याचीच चाल वाजवू नका. पेटीची सवय असेल तर हे हमखास होतं, माझंही झालं. एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर शब्दच कळेनात! चाल गळ्यात आहे ना, मग डाव्या हातात खालचा सूर, उजव्यात कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीतले, दोन-तीन सूर, बास. ओळ संपून श्वास घेता तेवढ्या फटीत छोटासा तुकडा टाका. जुन्या ब्रॉडवे गाण्यांना, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या गाण्यांना, सुरुवातीला व्हर्स असतो, मुख्य चालीआधीचा प्रस्तावनेसारखा भाग, तो तालात न अडकता बोलल्यासारखा म्हणायचा, कॉर्ड दाबून थांबलात तरी चालतं, ताल कोरसपासून, म्हणजे मुख्य चालीपासून, धरा.

शब्द पाठच हवेत, कागदात बघून गायलात की चेहरा गेला.

दोन गाण्यांच्या मध्ये किस्सा सांगताना हात थांबवायचे नाहीत, पुढच्या गाण्याचे दोन कॉर्ड हळू घोळवत ठेवायचे, याला व्हॅम्प म्हणतात, किस्सा लांबला तरी कोणाला कळत नाही.

पैशाचं आधीच बोलून घ्या, ठरलेली रक्कम की तिकिटातला वाटा ते. आणि तासभर आधी पोचून पियानोची एकेक की दाबून बघा, एखादी मेलेली निघतेच, ती कुठली हे गाताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.