जपानची अभ्यास सहल कशी आखावी

जपानच्या अभ्यास सहलीचा आराखडा बहुधा स्थळांच्या यादीपासून सुरू होतो आणि तिथेच तो फसतो. चार दिवस क्योतोतील देवळे म्हणजे परंपरा आणि तीन दिवस टोकियोतील उंच इमारती म्हणजे आधुनिकता, अशी वाटणी एकदा केली की विद्यार्थी दोन वेगवेगळे देश पाहून परततात. त्याऐवजी एखादे कौशल्य किंवा एखादा प्रश्न निवडावा आणि त्याचे जुने व नवे रूप जिथे पाहता येईल अशी ठिकाणे त्याभोवती गुंफावीत. आठ-दहा दिवसांत असे दोन-तीन विषय पुरतात. चौथा घेतला की नुसती धावपळ होते.

विणकाम हा माझ्या मते सर्वांत फलदायी विषय आहे. क्योतोच्या निशिजिन भागात आधी रंगवलेल्या रेशमी धाग्यांपासून किनखापी कापड विणले जाते. राजधानी टोकियोला गेल्यावर या विणकरांचे गिऱ्हाईक आटले, तेव्हा १८७२ साली क्योतोहून काही विणकरांना फ्रान्समधील ल्यों शहरी पाठवण्यात आले आणि त्यांनी तिथून जॅकार्ड यंत्रे आणली. म्हणजे आज ज्याला आपण पारंपरिक माग म्हणून कौतुकाने पाहतो, त्याच्या डोक्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एकोणिसाव्या शतकातील युरोपीय यंत्रणा बसलेली असू शकते. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. पुठ्ठ्यांवरील छिद्रे आणि नक्षी यांचा संबंध त्यांनाच शोधू द्यावा. त्यानंतर शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेने साधारण ३५ मिनिटांवरील नागोया गाठावे. तेथे जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत टोयोटाचे उद्योग व तंत्रज्ञानविषयक संग्रहालय आहे. टोयोटा उद्योगसमूहाचे मूळ संस्थापक साकिची तोयोदा यांचा १९२४ सालचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तिथे पाहायला मिळतो. ताण्याच्या, म्हणजे मागावरील उभ्या, प्रत्येक धाग्यावर धातूची एक बारीक पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, यंत्रणेत अडकते आणि माग आपोआप थांबतो. चूक होताच यंत्राने स्वतः थांबावे हे तत्त्व पुढे मोटारींच्या कारखान्यात आले, आणि संग्रहालयाच्या दुसऱ्या भागात त्या मोटारी उभ्याच आहेत. या संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा, आणि प्रात्यक्षिकांची विनंती आरक्षण करतानाच नोंदवावी.

दुसरा विषय भूकंपाचा. नाराजवळील होर्यूजी मंदिराचा पाच मजली लाकडी पॅगोडा एक हजार तीनशे वर्षांच्या आसपास उभा आहे, आणि क्योतो स्थानकाजवळच्या तोजी मंदिरातील १६४४ सालचा पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच आहे. दोन्हींच्या मधोमध एक उभा खांब असतो, त्याला शिनबाशिरा म्हणतात. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंचीच्या टोकियो स्कायट्रीच्या गाभ्यातही काँक्रीटचा एक खांब बाहेरच्या पोलादी सांगाड्यापासून बराचसा अलग ठेवलेला आहे, आणि कंपने कमी करणाऱ्या त्या रचनेला अभियंत्यांनी याच खांबाचे नाव दिले आहे. पॅगोडा आधी आणि मनोरा नंतर हा क्रम मोडू नये, कारण मनोऱ्यावर चढलेल्या मुलांचे लक्ष पुन्हा लाकडाकडे वळवणे कठीण असते.

म्हणूनच ओसाकाला उतरून टोकियोहून परतणे सोयीचे. एकाच शहरातून जा-ये केल्यास रेल्वेचा एक लांबचा प्रवास वाया जातो. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वे आणि पुढे केबल कारने कोयासानला जाता येते. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध भिक्षूंनी स्थापन केलेल्या या डोंगरावरील मठनगरीत आजही पन्नासच्या आसपास मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे. तातामीवर (गवती चटईवर) अंथरूण, लवकर जेवण, सामायिक स्नानगृह आणि पहाटेची प्रार्थना हे सारे गटाला आधी सांगून ठेवावे. स्नानगृहात कपडे घालून उतरता येत नाही. ज्यांना संकोच वाटेल त्यांच्यासाठी स्वतंत्र न्हाणीची खोली आधीच मागून घ्यावी. ओकुनोइन स्मशानभूमीतील देवदारांखाली पाच वेगवेगळ्या आकारांचे दगड एकावर एक रचलेले स्तूप शेकड्यांनी दिसतात. त्यांवर खालून वर अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत कोरलेली असतात आणि ती पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश दर्शवतात. वहीत एक स्तूप अक्षरांसह काढून घेणे हा अर्ध्या तासाचा उत्तम पाठ आहे. गोब्योबाशी पुलापलीकडे मात्र छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. पुढे नारा येथे तोदाइजीतील महाबुद्धासमोर, ७५२ साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते, एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

तारखा ठरवताना चेरीच्या फुलोऱ्याचा मोह आवरावा. मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीस जपानी शाळांना सुट्टी असते, कारण तिथले शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शाळाभेट हा सहलीचा गाभा असेल तर तो फुलांवर ओवाळून टाकण्यात अर्थ नाही. २९ एप्रिल ते ५ मे हा सलग सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ आणि ऑगस्टच्या मध्याचे ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) हे गर्दीचे दिवसही टाळावेत. मेचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. मात्र याच काळात जपानी शाळांच्या सहलीही क्योतोत येतात, त्यामुळे मुक्कामाचे आरक्षण फार आधी करावे. शाळाभेटीची विनंती अनेक महिने अगोदर पाठवावी आणि तिच्यात नाचगाण्याच्या कार्यक्रमापेक्षा नेहमीचा दिवस पाहू देण्याची मागणी करावी. मुलेच एकमेकांना जेवण वाढतात, मुलेच वर्ग झाडतात. पाहुण्या मुलांनाही हातात झाडू मिळाला तर उत्तमच.

शाकाहारी सदस्यांसाठी ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या यांत बहुधा बोनितो माशापासून केलेला दाशी, म्हणजे चवीचा अर्क, असतो, म्हणून ‘माशांचा दाशीही नको’ असे जपानीत लिहिलेले पत्रक प्रत्येकाजवळ द्यावे. मंदिरांतील शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचे जेवण मात्र मुळातच मांस-मासळीविना बनते.

रेल्वे पास डोळे झाकून घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ५०,००० येन झाली, आणि ओसाका-टोकियो अशा एकेरी मार्गावर सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. शिनकानसेन बऱ्याच स्थानकांवर जेमतेम एक-दोन मिनिटे थांबते, तेव्हा मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवून एका रात्रीपुरती पिशवी जवळ ठेवावी. ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून अधिक भरते, तिच्यासाठी टोकियो-ओसाका दरम्यानच्या तोकाइदो शिनकानसेन मार्गावर ठरावीक आसन आधी राखावे लागते. गटाच्या पाच-सहा जणांच्या तुकड्या करून प्रत्येकीला एक शिक्षक आणि डब्याचे एक ठरलेले दार नेमून द्यावे. गाडी येण्यापूर्वी फलाटावरील खुणेपाशी रांग लागलेली असली, म्हणजे चढताना कोणाला हाका मारत बसावे लागत नाही.