डेटा टाइप बदलला की डिसिजन टेबल कसं सांभाळावं

समजा, रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदाराच्या ऑर्डरींसाठी तुम्ही डीएमएनमध्ये (निर्णयाचे नियम मांडायची एक प्रमाणित पद्धत) डिसिजन टेबल बांधलंय, म्हणजे प्रत्येक ओळीत "अमुक इनपुट आलं तर अमुक उत्तर" असा नियम असलेला तक्ता. इनपुट दोन, जात आणि आकार. आउटपुट पेटीचा दर. आकार हा मजकुराचा टाइप (टाइप म्हणजे स्तंभात कोणत्या प्रकारची माहिती चालेल ते), व्हॅल्यू तीन: "मोठा", "मध्यम", "बारीक". मार्चमध्ये माल निघायला लागतो आणि बागायतदार म्हणतो, "आकार नको, यंदा वजनावर दर लावूया." म्हणजे मजकुराच्या जागी ग्रॅम.

१. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. डीएमएनची फाइल म्हणजे साधी एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला मजकूर. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि टाइपचं नाव शोधा. जिथे जिथे सापडेल तो प्रत्येक स्तंभ तपासायचा आहे. वाहतूक खर्चाचं विसरलेलं टेबल इथेच हाती लागतं.

२. आता ग्रॅमसाठी आकड्यांचा नवा टाइप करून स्तंभ त्याला जोडा (जुना टाइप अजून काढू नका), पण टेबल आपोआप सुधारेल या भरवशावर राहू नका. स्तंभ टाइपकडे नावाने बोट दाखवतो. कप्प्यातला "मोठा" मात्र नुसता मजकूर म्हणून पडून असतो. काही सॉफ्टवेअर तिथे लाल खूण करतं, काही गप्प बसतं. मग २६० ग्रॅमचं फळ आलं की एकही ओळ जुळत नाही आणि डीफॉल्ट (काहीच जुळलं नाही तर द्यायचं उत्तर) दिलेला नसेल तर उत्तर येतं नल, म्हणजे रिकामं. ऑर्डर बिनदराची पुढे जाते. व्हॅल्यूंची यादी टाइपमध्ये असते तशी स्तंभातही वेगळी असू शकते, तीही बघा.

३. कप्पे नव्याने लिहा: < २००, [२००..२५०), >= २५०. (फाइलमध्ये आकडे इंग्रजी लिपीतलेच टाका.) कंसाकडे नीट लक्ष द्या. चौकोनी कंस टोकाचा आकडा धरतो, गोल कंस सोडतो. मधल्या कप्प्यात दोन्हीकडे चौकोनी कंस घातले तर २५० ग्रॅमचा आंबा दोन दरांत बसतो.

४. खरी गोम डॅशमध्ये आहे. कप्प्यातला डॅश (-) म्हणजे "काहीही चालेल". आतापर्यंत फक्त हापूस विकला जायचा म्हणून कोणीतरी जातीच्या स्तंभात सगळीकडे डॅश मारून ठेवलाय. आज तुम्ही जातीच्या यादीत "पायरी" वाढवलीत की पायरीची पेटी हापूसच्या दरात जाते. एरर नाही, इशारा नाही. त्यामुळे यादीत नवी व्हॅल्यू घालताना त्या स्तंभातला प्रत्येक डॅश वाचा आणि जिथे "हापूस" म्हणायचं होतं तिथे ते स्पष्ट लिहा. या कामाचा कंटाळा येतो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

५. बदल चालू असताना हिट पॉलिसी (जुळलेल्या ओळींचं काय करायचं याचा नियम) युनिक ठेवा, म्हणजे एका वेळी एकच ओळ जुळली पाहिजे. फर्स्ट या पॉलिसीत जुळणाऱ्यांतली वरची ओळ जिंकते आणि एकमेकांवर चढलेले नियम दिसतच नाहीत.

६. चाचणीला टोकाचे आकडे घ्या: १९९, २००, २४९, २५०. जातीची प्रत्येक व्हॅल्यू निदान एकदा चालवा आणि वजन रिकामं ठेवूनही बघा. दर बरोबर आले की मगच जुना टाइप काढा आणि फाइलमध्ये त्याचं नाव पुन्हा शोधा.